गालातले शेजारी : जबड्याचा सांधा आणि लाळेच्या ग्रंथी



स्मृतिव्याख्यानाला हृदय, मेंदू, कर्करोग असे भारदस्त विषय शोभतात. मी लाळ निवडली याचं संयोजकांना थोडं आश्चर्य वाटलं असेल. पण तोंडाच्या आजारांच्या बाह्यरुग्ण विभागात वर्षानुवर्षं बसलेल्या माणसाला विचाराल, तर सर्वांत जास्त वेळा ऐकलेली आणि सर्वांत कमी वेळा कागदावर उतरलेली तक्रार लाळेचीच, हे तो मान्य करील. साधारण चित्र असं असतं : चाळिशीच्या आसपासची स्त्री. कानासमोर दुखतं, घास चावताना कट्ट आवाज येतो, सकाळी जबडा आखडलेला असतो. हे सगळं लिहून होतं, एक्स-रेचा कागद हातात पडतो आणि खुर्चीतून उठता उठता ती म्हणते, "आणि डॉक्टर, तोंडाला फार कोरड पडते हो. गालही मधेच फुगल्यासारखा वाटतो." ही कुणी एक बाई नाही, अनेकींची हकिगत मी एकत्र केली आहे. पहिल्या तक्रारीवर उपचार होतात. दुसरीचं काय करायचं, हा आजचा विषय.

त्या दुसऱ्या तक्रारीला सहसा तीनपैकी एक उत्तर मिळतं. "जबड्याच्या सांध्यामुळेच होत असेल." "टेन्शन घेऊ नका." "पाणी जास्त प्या." तिन्ही उत्तरांत थोडं तथ्य आहे आणि तिन्ही अपुरी आहेत. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. जबड्याचा सांधा आणि लाळेच्या ग्रंथी हे अगदी भिंतीला भिंत लागून राहणारे शेजारी आहेत. शेजारी राहतो म्हणून एकाच्या घरातल्या गडबडीला दुसरा कारणीभूत ठरत नाही. पण एका घरातून आवाज आला आणि शेजारच्या घरात डोकावूनच पाहिलं नाही, तर तपास अर्धाच राहिला. सांधा बिघडला म्हणून ग्रंथी आटली, असं थेट नातं क्वचितच सापडतं. दोघांचा खरा संबंध तीन ठिकाणी येतो : रोग ओळखण्यात होणाऱ्या गफलतीत, दोघांना एकदमच ग्रासणाऱ्या आजारांत आणि आपण डॉक्टर जे उपचार देतो त्यांत.

आधी भूगोल पाहू. कानाच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंड उघडा, मिटा. बोटाखाली जे सरकतं ते खालच्या जबड्याच्या हाडाचं डोकं. ते कवटीच्या एका खोबणीत बसतं आणि दोघांच्या मधे कूर्चेसारखी एक चकती असते. तोंड उघडताना हे डोकं नुसतं फिरत नाही, ते चकतीसह पुढेही घसरतं. चकती जागची हलली की तो कट्ट आवाज येतो. आता तेच बोट थोडं खाली, कानाच्या पाळीखाली आणा. इथे कर्णमूल ग्रंथी आहे. ही लाळेची सर्वांत मोठी ग्रंथी. तिचा पुढचा भाग चावण्याच्या मोठ्या स्नायूवर पसरलेला असतो, मागचा भाग जबड्याचं हाड आणि कानामागचं हाड यांच्या चिंचोळ्या जागेत दाबून बसलेला असतो. जबड्याखाली दुसरी जोडी, जिभेखाली तिसरी, आणि ओठ-गाल-टाळूच्या अस्तरात शेकडो बारीक ग्रंथी विखुरलेल्या. या सगळ्या मिळून दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार करतात. गप्प बसलेलो असताना लाळेचा मोठा वाटा जबड्याखालच्या ग्रंथींचा असतो, घास चावायला लागलो की कर्णमूल ग्रंथी पुढे सरसावते आणि झोपेत सगळ्याच जवळजवळ थांबतात.

कर्णमूल ग्रंथीची नळी चावण्याच्या स्नायूवरून आडवी जाते, मग गालातून आत शिरते आणि वरच्या दुसऱ्या मोठ्या दाढेसमोर उघडते. ही नळी दाखवून देणारा माणूस नील्स स्टेन्सन. 1660 साली हा बावीस वर्षांचा डॅनिश विद्यार्थी ॲमस्टरडॅममध्ये मेंढीच्या डोक्याचं विच्छेदन करत होता. नळीत घातलेली सळई पुढे सरकली आणि दातांवर आपटून वाजली. लाळ तोंडात येते कुठून, याचं उत्तर त्या आवाजानं दिलं. ज्यांच्या घरी हे विच्छेदन झालं त्या ब्लासियस या प्राध्यापकांनी शोध आपलाच असल्याचा दावा केला आणि वाद पेटला. पुढे स्टेन्सननं खडकांच्या थरांचा अभ्यास करून भूगर्भशास्त्राचा पाया घातला, शेवटी तो बिशप झाला. त्याच्या आधी चार वर्षं, 1656 मध्ये, लंडनच्या थॉमस व्हार्टननं जबड्याखालच्या ग्रंथीची नळी वर्णन केली होती. दोघांची नावं आजही त्या नळ्यांना आहेत.

दोन शेजाऱ्यांच्या सामाईक भिंतीतून एक तार जाते, ती समजली की पुढचं बरंच सोपं होतं. जबड्याच्या सांध्याची वेदना मेंदूपर्यंत नेणारी एक मज्जा (नर्व्ह) हाडाच्या डोक्याच्या मानेमागून वळसा घालून कानासमोरून वर कानशिलाकडे जाते. कर्णमूल ग्रंथीला "लाळ सोड" असा हुकूम पोचवणारे तंतू प्रवासाच्या शेवटच्या टप्प्यात याच मज्जेतून जातात. म्हणजे सांध्याचं दुखणं आणि ग्रंथीचं काम एकाच वाटेनं ये-जा करतं. ही वाट तुटली तर काय होतं, हे 1923 मध्ये पोलंडच्या मज्जातज्ज्ञ लुत्सिया फ्राय यांनी लिहून ठेवलं. कानाजवळ गोळी लागलेल्या एका सैनिकाच्या गालाला जेवताना घाम यायचा. तुटलेले तंतू पुन्हा वाढताना चुकले होते. ग्रंथीकडे जाण्याऐवजी ते त्वचेतल्या घामाच्या ग्रंथींशी जोडले गेले आणि जेवणाचा हुकूम घामाला मिळू लागला. कर्णमूल ग्रंथीच्या शस्त्रक्रियेनंतर हे आजही दिसतं. सांध्यावरच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा हाडाचं डोकं मोडल्यावरही क्वचित दिसतं. लुत्सिया फ्राय ज्यू होत्या. 1942 मध्ये नाझींनी ल्वुफच्या ज्यू वस्तीत त्यांचा जीव घेतला.

इतकी जवळीक पाहिल्यावर कुणालाही वाटेल की सांध्याचा दाब या मज्जांवर पडत असणार आणि त्यातूनच सगळी लक्षणं निघत असणार. हा मोह 1934 साली अमेरिकेतल्या सेंट लुईसचे कान-नाक-घसातज्ज्ञ जेम्स कॉस्टन यांना पडला. अकरा रुग्णांच्या आधारे त्यांनी एक लक्षणसमूह मांडला. दाढा पडल्यामुळे जबडा नको तेवढा मिटतो, हाडाचं डोकं मागे सरकतं आणि कानाभोवतीच्या रचनांवर व मज्जांवर दाब देतं. त्यातून कान भरणं, चक्कर, डोकेदुखी, जिभेची-घशाची आग निर्माण होते, असं त्यांचं म्हणणं. एका सांध्यातून सगळ्या तक्रारींचा उलगडा होतोय म्हटल्यावर ही कल्पना झपाट्यानं पसरली. अनेकांच्या दातांची उंची वाढवण्यात आली. मग शरीररचनाशास्त्रज्ञांनी, विशेषतः हॅरी सिचर यांनी, हाडं आणि मज्जा समोर ठेवून दाखवलं की कॉस्टन सांगतात तसा दाब तिथे पडूच शकत नाही. तर्क कोसळला. पण कॉस्टन यांचं निरीक्षण मात्र खोटं नव्हतं. जबडा दुखणाऱ्या माणसांना तोंडाच्या, कानाच्या इतर तक्रारी खरोखरच असतात. चूक झाली ती शेजाराला कारण मानण्यात. आज कुणी "जबड्याचा सांधा जागेवर बसवतो, तोंडाची कोरड जाईल" असं सांगून महागडे उपचार सुचवू लागला, तर हा इतिहास आठवावा.

आता पहिला संबंध : गफलत.

कर्णमूल ग्रंथीभोवतीचं आवरण घट्ट असतं. ग्रंथी सुजली की तिला पसरायला जागा मिळत नाही आणि सणसणून दुखतं. त्यातच तिचा मागचा भाग जबड्याच्या हाडामागे अडकलेला. तोंड उघडताना हाड हललं की सुजलेली ग्रंथी दाबली जाते. गालगुंड झालेलं मूल तोंड उघडायला का तयार होत नाही, हे यावरून कळतं. म्हणून तोंड उघडताना कानासमोर दुखतं, एवढ्यावरून दोष सांध्याचा ठरत नाही.

दोघांना वेगळं करायला यंत्र लागत नाही, थोडी चौकशी लागते. सांध्याचं आणि स्नायूंचं दुखणं चावण्याच्या श्रमाबरोबर वाढतं. चिवट भाकरी, चिक्की, लांबलचक जांभई, दंतवैद्याकडे बराच वेळ तोंड उघडून बसणं, ही त्याची निमित्तं. ग्रंथीच्या नळीत खडा अडकला असेल तर दुखणं चावण्यानं नव्हे, लाळ सुटण्यानं येतं. जेवण समोर आलं, चिंचेचा वास आला की गाल किंवा जबड्याखालचा भाग टरारून फुगतो, जेवण झाल्यावर तास-दोन तासांत उतरतो. लाळेचे बहुतेक खडे जबड्याखालच्या ग्रंथीत होतात, कारण तिची लाळ दाट आणि कॅल्शियमयुक्त, आणि नळीला तळाकडून वर चढावं लागतं. सूज ग्रंथीची असेल तर कानाची पाळी वर उचलली जाते. सूज चावण्याच्या स्नायूची असेल तर दात आवळल्यावर ती दगडासारखी घट्ट होते. रात्री दात खाणाऱ्या माणसांचे हे स्नायू इतके वाढतात की चेहरा चौकोनी दिसू लागतो आणि कर्णमूल ग्रंथीचा ट्यूमर आहे की काय, या भीतीनं माणूस तपासण्या करत फिरतो. त्याला "दात आवळा" म्हणून गालावर बोट ठेवलं की निम्मी भीती तिथेच जाते.

एक वेगळंच दुखणं सांगतो. जेवणाचा पहिला घास घेतला की कानाखाली जीव जाईल अशी कळ येते. दुसऱ्या घासाला कमी, पाचव्या-सहाव्याला जवळजवळ नाही. पुढच्या जेवणाला पुन्हा पहिला घास तसाच. मानेच्या खोल भागातली शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये हे दिसतं. ग्रंथीकडे जाणाऱ्या मज्जांचा तोल बिघडल्यानं, पहिल्या घासाबरोबर ग्रंथीतल्या सूक्ष्म पेशी एकदम आवळतात. अशा रुग्णाच्या सांध्यावर वर्षभर शेक दिला, तरी फरक पडायचा नाही. आणि सर्वांत गंभीर गफलत गाठींची. लाळग्रंथींच्या बहुतेक गाठी कर्णमूल ग्रंथीत होतात आणि त्यातल्या बहुतेक साध्या असतात. पण ग्रंथीच्या खोल भागातली कर्करोगाची गाठ बाहेरून दिसत नाही. काही प्रकार मज्जेच्या कडेनं सरकत जातात आणि सुरुवातीला फक्त जबडा दुखतो. म्हणून जबडेदुखीबरोबर चेहऱ्याची एक बाजू लुळी पडू लागली, गाल किंवा जीभ बधिर झाली, तोंड उघडणं महिन्यागणिक कमी होत गेलं किंवा न हलणारी टणक गाठ लागली, तर व्यायाम आणि रात्रीची दातांवरची पट्टी यांत वेळ घालवू नये. आधी स्कॅन व्हावा.

दुसरा संबंध : दोन्ही घरांना एकदमच लागणारी आग.

1933 साली स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ हेन्रिक श्योग्रेन यांनी एकोणीस स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सगळ्यांचे डोळे कोरडे, तोंडं कोरडी. आणि त्यातल्या तेरा जणींना सांध्यांचा जुना आजार होता. शरीराची संरक्षणयंत्रणा लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवरच उलटते, असा हा श्योग्रेनचा आजार. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये तो जवळपास नऊपट आढळतो. आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड संधिवात, असलेल्या अनेकांना तो जोडीनं होतो. आमवात जसा बोटांचे सांधे धरतो, तसा जबड्याचाही धरतो, आणि सहसा दोन्ही बाजूंचा. हाडाची डोकी झिजली की जबडा मागे खचतो आणि पुढचे दात मिटेनासे होतात. अशा बाईला जबडा आणि कोरड या दोन्ही तक्रारी असतात. सांध्यानं ग्रंथी बिघडवली नाही, एकाच रोगानं दोघांना गाठलं.

जबड्याच्या सांध्याचे विकारही पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्येच जास्त दिसतात. त्यामुळे या स्त्रीला सगळीकडून एकच सल्ला मिळतो : मन शांत ठेवा. रजोनिवृत्तीचं वय असेल तर तेही एक तयार कारण. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं का, रात्री उशाशी पाण्याचा तांब्या ठेवावा लागतो का, कोरडी पोळी पाण्याच्या घोटाशिवाय उतरत नाही का, सकाळी बोटं आखडतात का, एवढे चार प्रश्न विचारले तरी वाट सापडते. तपासणीही साधी आहे. काही न चघळता, शांत बसून पंधरा मिनिटं येईल तेवढी लाळ मापाच्या नळीत थुंकायची. दीड मिलिलीटर किंवा त्याहून कमी भरली, म्हणजे मिनिटाला 0.1 मिलिलीटरपेक्षा जास्त नसली, तर ग्रंथी खरोखर आटली आहे. मग रक्तातली प्रतिद्रव्यं, डोळ्यांची कागदपट्टीची चाचणी आणि गरज पडल्यास खालच्या ओठाच्या आतला बारीकसा तुकडा काढून तपासायचा. इतका खटाटोप कशाला, असं कुणी विचारील. कारण श्योग्रेनच्या आजारात लसिकाग्रंथींच्या कर्करोगाचा धोका वाढतो आणि कर्णमूल ग्रंथीची महिनोन्‌महिने न उतरणारी सूज ही त्याची सूचना असू शकते.

याच सदराला लागून असलेला आपल्या घरचा आजार म्हणजे सुपारीचा. 1952 मध्ये श्वार्ट्झ यांनी केनियातल्या पाच भारतीय स्त्रियांच्या तोंडातला एक विचित्र कडकपणा नोंदवला. पुढच्याच वर्षी आपल्याकडे जोशी यांनी हाच आजार वर्णन केला. गालाचं अस्तर पांढुरकं आणि जाड होतं, आत तंतूंच्या दोऱ्या तयार होतात, तिखट झोंबतं आणि तोंड उघडेनासं होतं. विदर्भात तो खर्ऱ्यातून येतो, इतरत्र मावा आणि गुटख्यातून. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, तरी विशी-पंचविशीतली मुलं "जबडा लॉक झालाय, सांध्याचं बघा" म्हणून येतातच. तिथे सांधा निर्दोष असतो, गालच आखडलेला असतो. सुपारीतलं अरेकोलीन लाळ सोडायला लावणाऱ्या ग्राहकांनाच (रिसेप्टरांनाच) डिवचतं, म्हणून पान-सुपारीनं तोंड लाळेनं भरतं. आजार वाढला की मात्र कडक झालेलं अस्तर कोरडं आणि झोंबरं होत जातं, आणि ओलाव्यासाठी माणूस पुन्हा पुडी फोडतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधन विभागानं एर्नाकुलममध्ये अशा रुग्णांवर सतरा वर्षं लक्ष ठेवलं. त्यातल्या 7.6 टक्क्यांना तोंडाचा कर्करोग झाला.

आणि कर्करोग झाल्यावर किरणोपचार येतात, जे पुन्हा दोन्ही शेजाऱ्यांवर पडतात. किरणांनी लाळग्रंथी आटतात, चावण्याचे स्नायू तंतुमय होऊन आखडतात. यावर मार्ग निघाला तो किरणांचा रोख ग्रंथीपासून वळवण्याचा. ब्रिटनमध्ये झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष 2011 साली प्रसिद्ध झाले. जुन्या पद्धतीच्या किरणोपचारांनंतर वर्षानं 74 टक्के रुग्णांना त्रासदायक कोरड होती. कर्णमूल ग्रंथी वाचवणाऱ्या नव्या पद्धतीत हे प्रमाण 38 टक्क्यांवर आलं. आमच्यासारख्यांचं काम त्याच्या जोडीनं सुरू होतं : किरणोपचार चालू असतानाच तोंड उघडण्याचे व्यायाम सुरू करायचे, आखडल्यावर नव्हे.

तिसरा संबंध सांगताना आम्हा डॉक्टरांना आरशासमोर उभं राहावं लागतं. जबडेदुखीच्या रुग्णाची कोरड अनेकदा आमच्याच चिठ्ठीवर लिहिलेली असते.

जुन्या जबडेदुखीला रात्री अमिट्रिप्टिलिनची लहानशी गोळी देतात. वेदना कमी होते, झोप लागते. पण हे औषध लाळेचा हुकूम घेणारे ग्राहकच बंद करतं. सुपारी ज्या ग्राहकांना डिवचते, नेमके तेच. स्नायू सैल करणाऱ्या गोळ्यांपैकी काही तोंड कोरडं करतात. नैराश्यावरच्या काही नव्या गोळ्या कोरड आणतात, शिवाय काहींना त्यांच्यामुळे दात खाण्याची सवयही लागते. त्यात रक्तदाबाचं औषध, सर्दी-ॲलर्जीची गोळी मिसळली की एकेका गोळीचा थोडाथोडा परिणाम मिळून मोठा होतो. दात खाणाऱ्यांच्या चावण्याच्या स्नायूत बोट्युलिनम विषाचं इंजेक्शन देण्याची पद्धत आता आपल्याकडच्या शहरांतही रुळली आहे. त्याच स्नायूच्या मागच्या भागावर कर्णमूल ग्रंथी पसरलेली असते. ज्यांची लाळ गळत राहते त्यांना हेच विष मुद्दाम लाळग्रंथीत देतात आणि अमेरिकेत 2018 पासून त्याला रीतसर मान्यता आहे. तेव्हा स्नायूसाठी दिलेलं औषध शेजारी पोचलं तर काय होईल, हे सांगायला वेगळ्या संशोधनाची गरज नाही.

औषधांपेक्षाही माझ्या मते जास्त विचार करण्याजोगी गोष्ट आहे आहाराची. जबडा दुखतो म्हणून आपण सांगतो, मऊ खा, कमी चावा. काही आठवड्यांसाठी हे बरोबरच आहे. पण लाळग्रंथीला काम देणारा एक मोठा इशारा दातांभोवतीच्या तंतूंतून, चावण्यातूनच जातो, आणि ज्या बाजूनं चावतो त्या बाजूची कर्णमूल ग्रंथी जास्त स्रवते. पातळ अन्नावर ठेवलेल्या उंदरांच्या कर्णमूल ग्रंथी अक्षरशः लहान होतात, हे प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. माणूस उंदीर नव्हे, पण वर्षानुवर्षं खिचडी-दूधभातावर राहिलेल्या, दुखऱ्या बाजूनं कधीच न चावणाऱ्या रुग्णाच्या ग्रंथीला काम उरत नाही, एवढं तर समजण्यासारखं आहे. मऊ आहार सुरू करताना तो संपवण्याची तारीखही चिठ्ठीवर लिहावी.

उलट बाजूलाही अशीच अडचण आहे. कोरड्या तोंडासाठी सर्वांत सर्रास दिला जाणारा सल्ला म्हणजे च्युइंग गम चघळा. जबड्याच्या रुग्णाला सर्वांत आधी बंद करायला सांगायची गोष्टही च्युइंग गमच. एकाच बाईला दोन डॉक्टर दोन सल्ले देतात आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. अशा वेळी चघळण्याऐवजी चोखण्याजोगी बिनसाखरेची गोळी, घोटघोट पाणी, रात्री लाळेसारखं जेल हे मार्ग आहेत. दमा किंवा विशिष्ट प्रकारचा काचबिंदू नसेल तर पिलोकार्पिनसारखं लाळ वाढवणारं औषधही आहे. लिंबू आणि आवळा लाळ सोडतात खरं, पण लाळेचं संरक्षण गेलेल्या दातांना आंबट सारखं लागलं तर दात झिजतात. दातांची मुळं किडू नयेत म्हणून फ्लोराइड आणि रात्रीची पट्टी वापरत असल्यास तिची रोजची सफाई, कारण कोरड्या तोंडात पट्टीखाली बुरशी लवकर धरते.

राहिला मनाचा प्रश्न. तोही खोटा नाही. भीतीनं तोंड कोरडं पडतं हे आपल्या पूर्वजांना चांगलं ठाऊक होतं. धर्मशास्त्रात सांगितलेल्या दिव्यांमध्ये तंडुल दिव्य होतं. चोरीच्या संशयितानं तांदूळ चावून पानावर थुंकायचे. त्यात रक्त दिसलं, अंगाला कापरं भरलं, तर तो दोषी. भेदरलेल्या माणसाची लाळ आटते, कोरड्या तोंडात कोरडे दाणे हिरड्या सोलतात. त्या न्यायात शरीरशास्त्राचं निरीक्षण अचूक होतं, निष्कर्ष अन्यायाचा होता, कारण निर्दोष माणूसही घाबरतो. ताणामुळे माणूस दात आवळतो आणि ताणामुळेच लाळ कमी वाटते, हे खरं. पण लाळ मोजल्याशिवाय, गोळ्या पाहिल्याशिवाय, गालावर हात ठेवल्याशिवाय "हे सगळं मनाचं आहे" म्हणणं म्हणजे आज पांढरा कोट घालून तेच तांदूळ चावायला देणं.

हे सगळं आपल्या नजरेतून का सुटतं? एक कारण इतिहासात आहे. 1840 मध्ये बाल्टिमोरला जगातलं पहिलं स्वतंत्र दंतमहाविद्यालय निघालं आणि दातांचं शिक्षण वैद्यकापासून वेगळ्या इमारतीत गेलं. आपल्याकडेही 1948 च्या दंतवैद्यक कायद्यानं वेगळी परिषद झाली. त्यानं दंतवैद्यक वाढलं, यात वाद नाही. पण गालाची मात्र फाळणी झाली. सांधा दंतवैद्याकडे, ग्रंथी कान-नाक-घसातज्ज्ञाकडे, श्योग्रेन संधिवाततज्ज्ञाकडे, डोळे नेत्रतज्ज्ञाकडे, आणि गोळ्यांचा हिशेब कुणाकडेच नाही. रुग्णाचा गाल मात्र एकच असतो.

म्हणून दोन विनंत्या करून थांबतो. पहिली माझ्या व्यवसायबंधूंना. जबड्याचा रुग्ण आला की सांधा तपासून झाल्यावर हातमोजा घातलेलं बोट गालावरून पुढे दाबत आणा आणि वरच्या दुसऱ्या दाढेसमोरच्या नळीच्या तोंडाशी स्वच्छ लाळेचा थेंब येतो का ते पाहा. मग जबड्याखालची ग्रंथी दाबून जिभेखालीही तेच पाहा. थेंब आला नाही, गढूळ आला किंवा पू आला, तर तपासाची दिशा बदला. त्याच बैठकीत रुग्णाच्या सगळ्या गोळ्या टेबलावर काढून पाहा. या सगळ्याला पाच मिनिटंही लागत नाहीत.

दुसरी विनंती तुम्हाला, श्रोत्यांना. जबडा दुखत असेल तर डॉक्टरकडे जाताना चार ओळी लिहून न्या : दुखणं चावल्यावर येतं की जेवण नुसतं समोर आल्यावर, गाल फुगतो का, आणि फुगला तर किती वेळानं उतरतो, तोंड आणि डोळे कोरडे पडतात का, आणि घरातल्या डब्यातल्या सगळ्या गोळ्यांची नावं, अगदी आयुर्वेदिक आणि झोपेच्यासुद्धा. महिन्यातून एकदा आरशासमोर उभं राहून तीन बोटं एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये जातात का, तेही पाहा. आधी जात होती आणि आता दोनच जात असतील, तर वाट पाहू नका. आणि कोरड्या तोंडाची तक्रार खुर्चीतून उठता उठता नव्हे, बसल्या बसल्याच सांगा, म्हणजे ती केसपेपरवर लिहिली जाईल. जी तक्रार लिहिली जाते तिचाच तपास होतो.